हाड जुळत नाही, मग मूळपेशी टोचून घ्याव्यात का? नडगीच्या न जुळलेल्या हाडासाठी पायरीपायरीने मार्गदर्शन

ओपीडीत महिन्यातून दोन-तीन वेळा तरी अशी फाइल समोर येते. मोटरसायकलचा अपघात, नडगी मोडलेली, रॉड टाकलेला, आठ-दहा महिने उलटलेले, आणि तरी पाय टेकवला की कळ मस्तकात जाते. एक्स-रेत मधली काळी रेघ तशीच. फाइलच्या शेवटच्या कप्प्यात घडी घालून ठेवलेला एक कागद असतो, तो मी मागण्याआधीच नातेवाईक पुढे करतात. कुठल्या तरी केंद्राचं ‘स्टेम सेल पॅकेज’चं अंदाजपत्रक. "डॉक्टर, हे करून घेऊ का? वेळ पडली तर अर्धा एकर काढू."

अर्धा एकर काढण्याआधी हा लेख वाचावा म्हणून तो लिहितोय. मूळपेशी, म्हणजे स्टेम सेल, आणि पेशींना हाड बांधायचा निरोप देणारे वाढघटक म्हणजे थोतांड नव्हे. निवडक रुग्णांमध्ये मी स्वतः अस्थिमज्जेचा, म्हणजे हाडाच्या आतल्या मऊ गराचा, वापर करतो आणि हाड भरून आलेलं पाहिलं आहे. पण ज्यांना हा उपचार सुचवलेला असतो, त्यांतल्या बऱ्याच जणांची अडचण पेशींची नसतेच. शेतकऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. वाफसा नसताना पेरलं तर बियाणं कितीही भारी आणा, ते कुजतं. हाडाच्या बाबतीत वाफसा म्हणजे चार गोष्टी: टोकं पक्की धरलेली असणं, तिथे रक्त पोचणं, जंतू नसणं आणि अंगात हाड बांधण्याइतकं बळ असणं. पेशी आणि वाढघटक त्यानंतर येतात. पुढच्या पायऱ्या त्याच क्रमाने आहेत आणि हा क्रम मोडू नका.

पायरी १: हाड खरंच जुळलेलं नाही का, ते आधी ठरवा

स्वतःच्या नडगीवरून हात फिरवून पाहा. पुढच्या आणि आतल्या बाजूला हाड थेट कातडीखाली लागतं, मध्ये मांस नाही. मांस नाही म्हणजे तिकडून मिळणारं रक्तही कमी. जखम होऊन हाड बाहेर आलं असेल तर होतं नव्हतं तेही रक्त तुटतं. म्हणून अंगातल्या लांब हाडांमध्ये न जुळण्याची तक्रार नडगीची फार. ती मुळातच हळू जुळते, आणि चार महिन्यांनी ‘अजून जुळलं नाही’ म्हणून घाबरून जाण्यात अर्थ नसतो.

अमेरिकेच्या औषध प्रशासनाची, म्हणजे एफडीएची, जुनी व्याख्या आजही सगळीकडे वापरली जाते: दुखापतीला किमान ९ महिने झालेले आणि शेवटच्या ३ महिन्यांत एक्स-रेमध्ये काहीही प्रगती नाही, तर ‘नॉन-युनियन’. ही व्याख्या संशोधनासाठी बरी आहे. प्रत्यक्षात हाडाचा मोठा तुकडाच गायब असेल तर नऊ महिने वाट पाहण्यात हशील नाही, तो आपोआप भरणार नाही हे पहिल्या दिवशी दिसतं.

तुम्ही काय करायचं? सगळे एक्स-रे बाहेर काढा आणि तारखेप्रमाणे खिडकीच्या काचेवर ओळीने लावा. समोरून आणि बाजूने असे दोन्ही हवेत. दोन्ही मिळून हाडाच्या चार कडा दिसतात. मोडलेल्या जागी या चारपैकी किमान तीन कडांवरून हाडाचा पूल गेलेला असेल तर आम्ही हाड जुळलं असं धरतो. शेवटच्या तीन एक्स-रेंमध्ये काही फरक दिसतो का, हे डॉक्टरांना बोट ठेवून विचारा. रॉडमुळे नीट कळत नसेल तर सीटी स्कॅन करावा. एमआरआय नव्हे, धातूमुळे त्यात चित्र बिघडतं.

पायरी २: हत्तीचा पाय की पेन्सिलचं टोक

सगळ्यात जास्त पैसे इथे वाचतात.

गेल्या वर्षी ऊस वाहणारा एक ट्रॅक्टरचालक आला होता. चौतिशीचा गडी, अकरा महिने कुबड्यांवर. शहरातल्या एका केंद्राने त्याला मूळपेशींची तीन इंजेक्शनं सांगितली होती. मी एक्स-रे दिव्याच्या पेटीवर लावला. मोडलेल्या जागेच्या दोन्ही बाजूंना हाड फुगून रुंद झालं होतं आणि मधोमध बारीक काळी फट होती. याला आम्ही ‘हत्तीचा पाय’ म्हणतो, कारण टोकं हत्तीच्या पावलासारखी पसरट दिसतात. रॉडचा खालचा स्क्रू मोडलेला होता.

हे चित्र काय सांगतं? त्याचं शरीर हाड बनवत होतं, भरपूर बनवत होतं. पेशी होत्या, रक्त होतं, वाढघटक होते. पण रॉड बारीक, स्क्रू मोडका, आणि दर पावलाला टोकं हलत होती. हालचालीचं गणित स्टीफन पेरेन या स्विस शल्यविशारदांनी मांडून ठेवलं आहे. फटीच्या रुंदीच्या मानाने हालचाल २ टक्क्यांच्या आत असेल तर हाड तयार होऊ शकतं, १० टक्क्यांपर्यंत कूर्चा तयार होते, आणि त्याहून जास्त असेल तर नुसते चिवट तंतू. या गड्याला मूळपेशी टोचल्या असत्या तर त्यांचेही तंतूच झाले असते. आम्ही जुना रॉड काढला, पोकळी थोडी मोठी करून जाड रॉड घातला, नवे स्क्रू लावले. हाडाचा एक कणही बाहेरून घातला नाही. साडेचार महिन्यांत तो पुन्हा ट्रॅक्टरवर बसला.

याच्या उलट चित्र म्हणजे पेन्सिलचं टोक. दोन्ही टोकं बारीक, निमुळती, नवीन हाडाचा ढगही नाही. इथे शरीराने कामच थांबवलेलं असतं. इथे पक्कं धरणं तर हवंच, वर जीव ओतणारं काहीतरी हवं. मूळपेशी आणि वाढघटकांची खरी जागा ही.

म्हणून डॉक्टरांना पहिला प्रश्न हा विचारा: "माझं हाड फुगलेलं आहे की वाळलेलं?" फुगलेलं असताना कुणी पेशी विकत असेल तर दुसऱ्या हाडाच्या डॉक्टरांचं मत घ्या.

पायरी ३: जंतू शोधा, आणि मनापासून शोधा

पू येत नाही म्हणजे जंतू नाहीत असं नाही. रॉडवर चिकटून बसलेले जंतू वर्षानुवर्षं गप्प राहतात, ताप नाही, लाली नाही, फक्त हाड जुळत नाही. कधी जखम उघडी होती का, टाके काढल्यावर महिनाभर पाणी येत होतं का, मधूनच कातडीवर फोड येऊन फुटतो का, हे सगळं आठवून सांगा. रुग्ण हे सांगायचं विसरतात, आणि कधी कधी आम्ही विचारायचं विसरतो.

रक्तात सीआरपी आणि ईएसआर या अंगातली सूज दाखवणाऱ्या चाचण्या करतात, पण ते नॉर्मल आले तरी खात्री नसते. खात्री ऑपरेशनच्या वेळी होते. मोडलेल्या जागेचे वेगवेगळ्या ठिकाणचे पाच तरी तुकडे, प्रत्येक वेगळ्या हत्याराने काढून, कल्चरला, म्हणजे जंतू उगवतात का ते पाहायला, पाठवावेत आणि प्रयोगशाळेला ते १४ दिवस ठेवायला सांगावं, कारण काही जंतू सावकाश उगवतात. त्याआधी साधारण दोन आठवडे अँटिबायोटिक बंद ठेवावं लागतं, नाहीतर कल्चर खोटं ‘स्वच्छ’ येतं. गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका, पण "तपासणीआधी बंद करायच्या का?" हे जरूर विचारा.

जंतू सापडले तर मूळपेशी, वाढघटक, सगळं बाजूला ठेवायचं. आधी मेलेलं हाड काढून जागा स्वच्छ करायची. मोकळ्या जागेत अँटिबायोटिक मिसळलेल्या हाडाच्या सिमेंटचा गोळा भरून सहा ते आठ आठवडे थांबायचं, त्या गोळ्याभोवती शरीर एक पातळ पिशवी तयार करतं, मग गोळा काढून त्या पिशवीत हाडाचा चुरा भरायचा, अशी एक पद्धत आहे. फ्रेंच शल्यविशारद आलँ मास्कले यांनी ती रूढ केली. गंमत अशी की त्या पिशवीत रक्तवाहिन्या तर असतातच, पण हाड वाढवणारे वाढघटकही शरीर स्वतःच तिथे पाझरवतं. बाटलीतलं औषध विकत घेण्याआधी शरीराकडून ते फुकट मिळतंय का हे पाहावं, असं मला यावरून नेहमी वाटतं.

पायरी ४: अंगातली कमतरता भरून काढा

अमेरिकेत मार्क ब्रिंकर यांच्या गटाने २००७ मध्ये एक अभ्यास छापला. तांत्रिक चूक काहीच नाही आणि तरी हाड जुळत नाही, अशा ३७ रुग्णांना त्यांनी अंतःस्रावी ग्रंथींच्या तज्ज्ञाकडे पाठवलं. ३१ जणांत काही ना काही दोष निघाला आणि सगळ्यात जास्त आढळली ती ड जीवनसत्त्वाची कमतरता. काहींचं हाड पुन्हा ऑपरेशन न करता, केवळ ती कमतरता भरल्यावर जुळलं.

तेव्हा एका सकाळी रक्त देऊन या तपासण्या करून घ्या: ड जीवनसत्त्व, कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फेटेज, तीन महिन्यांच्या साखरेची एचबीएवनसी, थायरॉइडची टीएसएच, पॅराथायरॉइड हार्मोन आणि अल्ब्युमिन. ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडी आपल्याकडे सर्रास मिळते. ती आठवड्याला एक, डॉक्टरांनी सांगितलेले आठवडेच घ्यायची. रोज घेतली तर रक्तातलं कॅल्शियम इतकं चढतं की मूत्रपिंडावर बेतू शकतं.

तंबाखूबद्दल स्पष्ट बोलतो. निकोटिनमुळे बारीक रक्तवाहिन्या आवळतात आणि हाड बांधणाऱ्या पेशी मंदावतात. ‘मी सिगारेट ओढत नाही’ असं उत्तर मिळतं, आणि खिशात तंबाखू-चुन्याची डबी असते. बायकांना तर कुणी विचारतच नाही. माझ्याकडे साठीच्या एक मावशी आल्या होत्या, नडगीला प्लेट लावलेली, चौदा महिने झालेले, टोकं पेन्सिलसारखी. व्यसनाच्या रकान्यात ‘नाही’ लिहिलेलं. मी विचारलं, "मावशी, मिश्री लावता का?" त्या हसल्या, म्हणाल्या, "ती तर दातांसाठी, सकाळ-दुपार-संध्याकाळ. व्यसन कसलं त्यात?" मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखू. हिरड्यांतून तिचं निकोटिन थेट रक्तात उतरतं. मावशींची मिश्री सुटायला सात आठवडे गेले, आणि ऑपरेशन मी तोवर पुढे ढकललं. घरच्यांना राग आला होता. तेवढी वाट पाहायलाच हवी होती, असं मला आजही वाटतं.

स्टेरॉइडच्या गोळ्या, दीर्घकाळ घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या, हाड ठिसूळ होऊ नये म्हणून वर्षानुवर्षं चाललेली बिस्फॉस्फोनेट, यांची यादीही डॉक्टरांपुढे ठेवा.

पायरी ५: मूळपेशी आणि वाढघटक म्हणजे नेमकं काय, हे समजून घ्या

१९६५ साली मार्शल युरिस्ट या अमेरिकी शल्यविशारदांनी हाडाचे तुकडे आम्लात ठेवून त्यांतले क्षार काढून टाकले आणि उरलेला मऊ सांगाडा प्राण्यांच्या स्नायूत पुरला. काही आठवड्यांनी स्नायूच्या आत, जिथे हाडाचा संबंध नाही तिथे, नवं हाड तयार झालेलं दिसलं. त्या सांगाड्यात असं काहीतरी होतं जे आजूबाजूच्या पेशींना ‘हाड बना’ असा निरोप देत होतं. त्याला पुढे बीएमपी हे नाव मिळालं. हा झाला वाढघटक: तो पेशी नव्हे, निरोप आहे. रक्तवाहिन्यांना बोलावणारा व्हीईजीएफ, रक्तातल्या प्लेटलेटमधून सुटणारा पीडीजीएफ, हे त्याचेच भाऊबंद. हाड मोडल्यावर जे रक्त साकळतं, त्या गाठीत हे सगळे निरोप्ये पहिल्या तासापासून हजर असतात.

निरोप ऐकणारं कुणी हवं, त्या पेशी. अस्थिमज्जेत काही पेशी अशा असतात की त्या हाड, कूर्चा किंवा चरबी यांपैकी काहीही बनू शकतात. अलेक्झांडर फ्रिडेनश्टाइन यांनी सोव्हिएत रशियात त्या पहिल्यांदा वेगळ्या करून दाखवल्या. ‘मेसेनकायमल स्टेम सेल’ हे नाव १९९१ मध्ये अमेरिकेतल्या आर्नल्ड कॅप्लन यांनी रूढ केलं आणि २०१७ मध्ये त्यांनीच लिहिलं की हे नाव आता बदला, कारण त्यामुळे लोकांची दिशाभूल होते. या पेशी जिथे टोचाल तिथे जाऊन तो अवयव नव्याने घडवतात असं नाही. बरंचसं काम त्या आजूबाजूच्या पेशींना मदत करणारे रेणू सोडून करतात.

आणि त्या आहेत किती? मज्जेतल्या केंद्रक असलेल्या दहा हजार ते एक लाख पेशींमागे जेमतेम एक. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पेशी आणि निरोप यांना बसायला चौकट हवी, ती म्हणजे हाडाचा चुरा किंवा कॅल्शियम फॉस्फेटचे दाणे. आणि चौथं, पक्कं धरणं. जानुडिस, आइनहॉर्न आणि मार्श यांनी २००७ मध्ये या चौघांना एका चौकोनात बसवलं, त्याला आम्ही ‘डायमंड कन्सेप्ट’ म्हणतो. चौकोनाचा कोणता कोपरा तुमच्याकडे रिकामा आहे, तेवढाच भरायचा असतो.

पायरी ६: पर्याय तोलून पाहा

कमरेच्या हाडाचा चुरा, म्हणजे स्वतःच्याच कमरेतून काढलेलं हाड, हा आजही पहिला पर्याय आहे. त्यात पेशी, निरोप आणि चौकट तिन्ही आयते मिळतात, आणि ते स्वतःचंच असल्याने शरीर नाकारत नाही. तोटा म्हणजे कमरेची जागा काही आठवडे, कधी काही महिने दुखते आणि मिळणारं हाड मर्यादित असतं. मूळपेशींचं पॅकेज सांगणाऱ्याने या पर्यायाचं नावही घेतलं नसेल तर तो तुम्हाला अर्धीच माहिती देतोय.

दुसरा पर्याय अस्थिमज्जा घट्ट करून टोचण्याचा. इथे सगळ्यात उपयोगाचा पुरावा पॅरिसच्या फिलिप एर्निगू यांचा, २००५ सालचा. नडगीच्या वाळलेल्या नॉन-युनियनचे ६० रुग्ण. कमरेतून मज्जा काढली, यंत्रात फिरवून घट्ट केली आणि प्रत्येकाच्या फटीत २० मिलिलिटर टोचली. ५३ जणांचं हाड जुळलं. खरी शिकवण उरलेल्या सात जणांत आहे. त्यांना मिळालेल्या मज्जेत मूळपेशींची संख्या कमी होती. ज्यांचं जुळलं त्यांना दर मिलिलिटरमागे १,५०० हून अधिक आणि एकूण ३०,००० हून अधिक मूळपेशी मिळाल्या होत्या. घट्ट करण्याआधी मज्जेत दर मिलिलिटरचा आकडा सरासरी ६१२ होता, नंतर २,५७९ झाला. म्हणजे मज्जा काढून तशीच टोचली तर बहुतेकांना पुरणार नाही. आणि हे सगळे रुग्ण निवडलेले होते, जंतू नसलेले, फट लहान असलेले. पाच सेंटिमीटर हाड गायब असेल तर सुईने टोचलेली मज्जा ते भरून काढणार नाही.

तिसरा, बाटलीतला वाढघटक. बीएमपी-२ ला एफडीएने २००२ मध्ये कमरेच्या मणक्यांच्या एका ठराविक ऑपरेशनसाठी आणि २००४ मध्ये नडगीच्या ताज्या, उघड्या जखमेच्या फ्रॅक्चरसाठी मान्यता दिली. जुन्या, न जुळलेल्या नडगीसाठी ती मान्यता नाही. तिथे तो डॉक्टरांच्या जबाबदारीवर वापरला जातो आणि ते तुम्हाला आधी सांगायला हवं. शरीर हा रेणू अतिसूक्ष्म प्रमाणात सोडतं, तर बाटलीतून तो मिलिग्रॅममध्ये जातो. त्याचे परिणामही तसेच मोठे असू शकतात: सूज, नको तिथे हाड, कधी उलट हाड विरघळणं. मानेच्या मणक्यांत वापरल्यावर घशाला जीवघेणी सूज आल्याने एफडीएने २००८ मध्ये जाहीर इशारा दिला होता. गर्भवती, वाढत्या वयाची मुलं, कर्करोग असलेले, आणि जिथे जंतू आहेत अशा कुणालाही तो देऊ नये. बीएमपी-७ हा त्याचा भाऊ १२४ न जुळलेल्या नडग्यांवर कमरेच्या हाडाशी ताडून पाहिला गेला. नऊ महिन्यांनी यश ८१ टक्के विरुद्ध ८५ टक्के, म्हणजे जवळपास सारखं. महागडा पर्याय साध्या पर्यायाच्या बरोबरीला आला, पुढे गेला नाही.

पीआरपी, म्हणजे रक्त फिरवून काढलेल्या प्लेटलेट, स्वस्त आहे आणि तिचा अपाय फारसा नाही. पण ती मूळपेशी नव्हे. पीआरपीला ‘स्टेम सेल’ म्हणून बिल लावलेलं मी पाहिलं आहे. न जुळलेल्या हाडासाठी एकट्या पीआरपीवर विसंबण्याइतका पुरावा मला दिसत नाही.

प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींची बाब वेगळी आणि ती कायद्याशी जोडलेली आहे.

पायरी ७: पैसे भरण्याआधी कागद मागा

आयसीएमआर आणि जैवतंत्रज्ञान विभागाची २०१७ ची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं स्पष्ट आहेत. रक्ताच्या आजारांसाठीचं मज्जारोपण सोडलं तर मूळपेशींचा वापर हा नेहमीचा उपचार नव्हे. तो मान्यता घेतलेल्या चाचणीतच व्हायला हवा. याला अपवाद औषध नियंत्रकांनी मंजूर केलेल्या उत्पादनांचा. हाडाच्या बाबतीत असं एक उत्पादन आहे: रुग्णाच्याच मज्जेतून प्रयोगशाळेत वाढवलेल्या हाड बांधणाऱ्या पेशी, ज्यांना २०१७ मध्ये खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटून तो मरतो त्या आजारासाठी, म्हणजे एव्हीएनसाठी, परवानगी मिळाली. खुब्याची परवानगी न जुळलेल्या नडगीला लागू होत नाही.

म्हणून हे विचारा, आणि उत्तर कागदावर घ्या:

– हा मंजूर उपचार आहे की चाचणी? चाचणी असेल तर सीटीआरआयचा, म्हणजे देशातल्या वैद्यकीय चाचण्यांच्या नोंदवहीतला, नोंदणी क्रमांक काय? तो त्यांच्या संकेतस्थळावर घरबसल्या तपासता येतो.
– नैतिकता समितीची मान्यता कुणाची, कोणत्या तारखेची?
– चाचणीतल्या उपचाराचे पैसे रुग्णाकडून घ्यायचे नसतात. मग हे पैसे कशाचे?
– पेशी माझ्या की दुसऱ्याच्या? कुठून काढणार, प्रयोगशाळेत वाढवणार की त्याच टेबलावर वापरणार?
– सोबत रॉड किंवा प्लेट बदलणार आहात का? नसल्यास का नाही?

शेवटच्या प्रश्नाला ‘गरज नाही, फक्त इंजेक्शन’ असं उत्तर मिळालं आणि स्क्रू मोडलेला असेल, तर तिथून उठा. हाताच्या शिरेतून पेशी ‘चढवू’ म्हणणाऱ्याकडेही थांबू नका. शिरेतून गेलेल्या पेशींतल्या बहुतेक फुप्फुसातच अडकतात, नडगीपर्यंत त्या पोचत नाहीत.

पायरी ८: ऑपरेशनच्या दिवशी काय होतं

मावशींचं ऑपरेशन सांगतो, म्हणजे डोळ्यांसमोर येईल.

पाठीत भूल दिली. आधी नडगी उघडली, जुनी प्लेट काढली, मधले पांढरे तंतू खरवडून टाकले. हाडाची टोकं बारीक छिन्नीने सोलत गेलो ते रक्ताचे टिपके दिसेपर्यंत. मिरचीच्या दाण्याएवढे ते लाल ठिपके दिसले की जीव भांड्यात पडतो, कारण तिथवर हाड जिवंत आहे. पाच तुकडे कल्चरला गेले. नवी लांब प्लेट बसवली.

मग मज्जा. जिथे आपण कमरपट्टा बांधतो तिथे पुढे हाताला लागणारं हाडाचं टोक असतं, त्याच्या मागे जाड, पोकळ सुई फिरवत आत घातली. सिरिंज हेपरिनने ओली केलेली, मज्जा गोठू नये म्हणून. इथे घाई केली की सगळं वाया जातं. क्लीव्हलंडच्या जॉर्ज मश्लर यांनी १९९७ मध्ये दाखवून दिलं आहे की एका जागेवरून २ मिलिलिटरहून जास्त ओढलं तर पुढे येतं ते बहुतांश रक्तच. म्हणून झटका देऊन दोन मिलिलिटर ओढायचं, सुईचं तोंड पाव फेरा वळवायचं, पुन्हा दोन, मग सुई थोडी मागे, पुन्हा दोन. साठ मिलिलिटर गोळा करायला मला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. एका दमात पन्नासची सिरिंज भरून घेतली तर वेळ वाचतो, पण मग हातात मज्जा नसते, महागडं रक्त असतं. खरी मज्जा ओळखू येते: ती गडद असते आणि वाटीत ओतली की वर चरबीचे चमकदार बारीक थेंब तरंगतात.

ती गाळून यंत्रात साधारण पंधरा मिनिटं फिरवली. नळी बाहेर काढल्यावर तीन थर दिसतात. वर दह्यावरच्या निवळीसारखं पिवळट पाणी, तळाला लाल गाळ, आणि दोन्हींच्या मध्ये सायीएवढा पातळ, मळकट पांढरा थर. आपल्याला हवी असते ती ही साय. ती आणि आजूबाजूचं थोडं मिळून सात मिलिलिटर निघालं. कमरेतून काढलेल्या थोड्या हाडाच्या चुऱ्यात ते मुरवलं आणि फटीभोवती भरलं. फ्रीज नाही, कुरिअर नाही, सगळं एकाच खोलीत, दोन तासांत.

पायरी ९: नंतरचे सहा महिने

पहिले दोन आठवडे कंबर नडगीपेक्षा जास्त दुखते, ते अपेक्षित आहे. गुडघा आणि घोटा दुसऱ्या दिवसापासून हलवायचे. पायावर किती वजन टाकायचं हे प्लेट आहे की रॉड यावर ठरतं. ते तुमच्या डॉक्टरांनीच सांगावं आणि शेजाऱ्याच्या अनुभवावरून बदलू नये. मालिश करून घेऊ नका, गावच्या हाडवैद्याकडून तर आता अजिबात नको. जुन्या मोडीला हातानं दाबलं की नवा कोवळा पूल पहिल्यांदा तुटतो.

जेवणात प्रथिनं वाढवा. अंडी, दूध, मटकी, हुलगे, मासे, ज्याला जे चालतं ते. नाचणीच्या शंभर ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. नाचणीची भाकरी किंवा आंबील रोज एकदा पोटात जाऊ द्या. मिश्री, तंबाखू हाड जुळेपर्यंत बंद. परत सुरू करण्याचं तर नावच काढू नका.

एक्स-रे सहा आठवडे, तीन महिने, सहा महिने असे काढायचे. सहा आठवड्यांच्या एक्स-रेत फारसं काही दिसत नाही आणि रुग्ण तिथेच खचतात. तेव्हा कोवळं हाड असतं, पण त्यात क्षार भरलेले नसतात, म्हणून फिल्मवर ते उमटत नाही. मावशींच्या सहा आठवड्यांच्या फिल्मवर धुरकट सावली होती. साडेतीन महिन्यांनी दोन कडा जोडल्या गेल्या होत्या, सहाव्या महिन्यात तीन. वॉकर सुटला तो त्यानंतर.

ताप, जखमेतून पाणी किंवा पू, पोटरी एकदम टणक होऊन सुजणं, दम लागणं, यांतलं काहीही झालं तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका, त्याच दिवशी जा. चौदाव्या दिवशी कल्चरचा शेवटचा अहवाल स्वतः फोन करून विचारा. तो मागितल्याशिवाय हातात येतोच असं नाही.

सहा महिन्यांनी काहीच हललं नसेल तर पुन्हा इंजेक्शनं घेत बसण्यात वेळ घालवू नका. पायरी दोनपासून परत तपासा: धरणं ढिलं आहे का, जंतू राहिले का. फट मोठी असेल तर सायबेरियातल्या कुर्गानचे डॉ. इलिझारोव यांची कड्यांची चौकट अजूनही उत्तम काम देते. निरोगी जागी हाड कापून दिवसाला एक मिलिमीटर, चार वेळा पाव-पाव करून सरकवत नेतात आणि मागे नवं हाड तयार होत जातं. महिनोन् महिने ती कडी पायावर वागवणं कष्टाचं आहे, पण कित्येक सेंटिमीटरची फट रुग्णाच्याच हाडाने भरते.

आणि हाड जुळलं की लगेच प्लेट-रॉड काढून टाकायचा आग्रह धरू नका. नवं हाड जुन्यासारखं घट्ट व्हायला दीड-दोन वर्षं जातात. तोवर तो धातू तिथे राहू द्यावा, आणि टोचत-दुखत नसेल तर पुढेही.